गोदाबुढीची टोपली

वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यात पहिली आल्यापासून मला गप्प बसवणं कुणाला जमत नाही. म्हणूनच असेल, रागिणीताई मला अमरावतीच्या त्या शिबिराला सोबत घेऊन गेली. ती फुलांच्या सजावटीची कंपनी काढत होती, नाव ‘पाकळी’, आणि शिबिर होतं कलेचा धंदा पहिल्यांदाच उभा करणाऱ्यांसाठी.

“तू फक्त बस. मले धीर येते,” ती म्हणाली.

मी, आणि फक्त बसणार!

शिकवायला शेखर सर होते. माणूस चांगला, हे आधीच सांगते. म्हणाले, “सगळ्यांसाठी सगळं करणारा कुणाच्याच लक्षात राहत नाही. एकच काम ठरवा, जे फक्त तुम्हालाच जमेल. बाकीच्याला नाही म्हणायला शिका. कलावंताला नाही म्हणता येत नाही, म्हणून तो आधी थकतो आणि मग बुडतो.”

ताईचे डोळे भरून आले. नात्यागोत्यातली बारशी, डोहाळजेवणं, सगळीकडे “घरचंच काम हाय बाप्पा” ऐकत ती फुकट राबली होती.

मग सरांनी तिला विचारलं, “तुमचं पहिलं गिऱ्हाईक कोण?” ती विचार करेपर्यंत माझा हात वर.

“गोदाबुढी!”

अख्खा हॉल हसला. गोदाबुढी आमची शेजारीण. चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या गावात तिचं अंगण आणि आमचं फुलशेतीचं वावर यांच्यामध्ये फक्त एक काट्यांचं कुंपण. ताईला सुईत दोरा ओवायला तिनंच शिकवलं. ताईचा पहिला हार एकीकडे जाड, एकीकडे मरतुकडा झाला होता, तो तिनं हट्टानं विकत घेतला, गुळाच्या खड्याला. म्हणाली, “माहा देवबी तिरपाच हाय, त्याले हाच शोभते.”

“गोड आहे,” सर म्हणाले, “पण शेजारीण वेगळी, गिऱ्हाईक वेगळं. ही गल्लत करू नका.” ताईसुद्धा हसली. तेव्हा हसायला काय जात होतं.

ताईनं एकच काम ठरवलं: पांढरा मांडव. फक्त शेवंती आणि निशिगंध, आणि झाडून सगळं फूल आमच्या वावरातलं, बाजारातलं एकही नाही. त्यासाठी बाबांनी झेंडू उपटून टाकला. “झेंडूबिगर माळी! लोक म्हनतीन, नत्थुजी रिटायर झाला,” असं म्हणत म्हणत उपटला.

आणि अकोल्याचं लग्न मिळालं. मोठं लॉन, मोठी माणसं. हा मांडव उभा राहिला तर ‘पाकळी’ राहणार. फसला तर वावरात पुन्हा झेंडू, आणि ताईनं मामानं आणलेलं स्थळ मुकाट्यानं पाहायचं, असं घरात ठरलं होतं.

लग्नाच्या दिवशी पहाटे आम्ही टेम्पोत टोपल्या चढवत होतो, तेव्हा कुंपणापलीकडून रडणं ऐकू आलं. गोदाबुढी झोपेतच गेली होती.

आमच्या घरची एक रीत आहे. गावात कुणी गेलं की तिरडीवरची फुलं आमच्या वावरातून जातात. कुणी मागायला येत नाही. मागायला यायची वेळच येऊ द्यायची नाही, हीच ती रीत. बाबांनी टेम्पोतली एक टोपली उतरवली.

“बाबा, ठेवा ते.”

“काहून?”

“कमानीचा एक पाय उघडा पडते.”

“मंग घे दोन हार अकोल्याच्या बाजारातून.”

“बाजारातलं नाई, असा शब्द देला हाय म्या. वावरात दुसरं फूलबी नाई आता.” ताईचा आवाज फाटला. “बाबा, माह्यापाशी हा एकच दिवस हाय.”

“अन् बुढीपाशी किती हायेत?”

ताईनं टोपली स्वतः परत चढवली. बाबा आडवे आले नाहीत. रिकाम्या हातांनी कुंपणापलीकडे गेले.

अकोल्यात मांडव असा उभा राहिला की दिवे लागले तेव्हा वरातीतली पोरंसुद्धा नाचायची थांबली. नवरीची आई ताईचा हात सोडेना. शेखर सरांचा फोन आला, “फोटो पाहिले. आता तुला कुणी विसरत नाही.”

ताई कमानीच्या मागे खाली बसली होती. कमानीचा शेवटचा पायही भरून झाला होता, आणि तिच्यापुढे फुलं उरली होती. टोपलीभर.

तिनं त्यांच्यावर ओलं फडकं टाकलं. दुसऱ्या दिवशी तीच टोपली घेऊन आम्ही गोदाबुढीच्या दारात गेलो. अंगणात झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या, बाजारातल्या. बुढीचा मुलगा देवराव काका ओट्यावर बसला होता.

“ये बाई. कसं झालं लगन?”

“काका, म्या...”

“अवं, धंदा हाय तुहा. समजते आमाले.” तो जराही रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. “ठेव तिथं. देवाले होतीन.”

ताईनं फुलं त्या तिरप्या देवापुढे ठेवली. देव खरंच तिरपा होता. मी हसले नाही.

‘पाकळी’ आता जोरात आहे. सर नव्या पोरापोरींना ताईचंच उदाहरण देतात.

संक्रांतीनंतर गावातले महादेवराव गेले. ताई उजाडायच्या आत उठली, वावरातली शेवंती खुडली, आणि आम्ही दोघी टोपली घेऊन धावत गेलो. तिरडीवर फुलं आधीच आलेली होती. महादेवरावांची सून शकुन पदरानं डोळे पुसत ताईजवळ आली.

“काहून तरास घेतला व रागिणी? आमी रात्रीच फुलाईचं सांगून ठेवलं होतं चांदूरले. तुहं काम मोठं हाय आता.”

टोपली ठेवायला कुणी जागा दाखवली नाही. कुणी नको असंही म्हणालं नाही.

परत येताना मी बोलायला तोंड उघडलं. “आज नको, आकांक्षा,” ताई म्हणाली. भरलेली टोपली जड नव्हती, तरी एका बाजूनं मी धरली, एका बाजूनं तिनं.