दोन हात चार बोटं

मी एक विजार आहे आणि मी आखूड नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण हिर्डोशीपासून भोरपर्यंत माझी ओळख ‘ती आखूड विजार’ अशीच आहे. मला जेवढं सांगितलं होतं तेवढीच मी झाले. दोन हात चार बोटं. बोटभरही कमी नाही.

माझं कापड निळं जीन. जाड, घट्ट विणीचं, भिजलं की पत्र्यासारखं उभं राहणारं. दिवस लढाईचे होते. बरं कापड पलटणींकडे जाई आणि उरलेलं कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानात येई. माझ्या ताग्याचा शेवटचा तुकडा भोरच्या कोंडिबा शिंप्याच्या फळीवर पडून होता. “इटंल, पर फाटायचं न्हाई,” असं तो माझ्याबद्दल म्हणे. इतकं खरं माझ्याबद्दल नंतर कुणी बोललं नाही.

माझा मालक रायबा. हिर्डोशीचा. वरंध घाटाकडच्या रानात कोळशाच्या भट्ट्या लावायचा. उंची अशी, की कुणाच्याही दारात शिरताना तो नमस्कार केल्यासारखा वाके आणि आतली म्हातारी माणसं उगाच आशीर्वाद देत. भोरच्या बाजारात चुकामूक होऊ नये म्हणून लोक एकमेकांना सांगून ठेवत, “रायबापाशी हुबा ऱ्हा.”

पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा आनंदराव मालकांनी आपल्या भोर-पुणे मोटारीच्या पाठीला कोळशाचं पिंप बसवून घेतलं. पिंपात कोळसा पेटवायचा, त्याच्या गॅसवर मोटार चालायची. हे पिंप सांभाळायला कोळशातला माणूस हवा होता. रायबा कोळशाचे दोन तुकडे एकमेकांवर वाजवून लाकूड ऐनाचं की हिरड्याचं आणि भट्टी कच्ची की पक्की, हे सांगत असे.

त्याला ते काम हवं होतं. त्याच्या बायकोला, भामाबाईला, त्याहून जास्त हवं होतं. भट्टीच्या दिवसांत नवरा रानात, पावसात घाट उतरून कोकणात मजुरीला. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्यातली जेमतेम दोन तिच्या वाट्याला आली होती. मोटार मात्र रोज संध्याकाळी भोरला परत येते. भोरात बिऱ्हाड केलं की मोटारीबरोबर नवराही घरी येईल, एवढंच तिचं म्हणणं होतं. मला ते फार मोठं वाटलं नाही.

आनंदरावांची अट एकच. धोतर चालणार नाही. आधीच्या माणसाचं धोतर पिंपात वारा घालायच्या पंख्यात गुंतलं होतं. माणूस कात्रजला उतरला, धोतर पुण्यापर्यंत गेलं.

“विजार पाहिजे, आणि ती घोट्यापर्यंत. निखारे पडतात,” आनंदराव म्हणाले. “सोमवारी सकाळी सातला जो विजारीत उभा राहील, त्याचा विचार करू.”

मालकांच्या कोठीत एक तयार विजार होती. ती रायबाच्या गुडघ्याखाली चार बोटं जाऊन थांबली. पुण्याच्या एका दुकानदारानं ‘मोठं माप’ म्हणून जी दाखवली, तिच्यात रुंदीनं दोन रायबा मावले असते आणि लांबीनं पाऊण. “एवढा माणूस आमच्या दुकानात येतच नाही,” दुकानदार म्हणाला. येईल कशाला? आधी तीन मापं ठरवायची आणि मग त्यांत न बसणाऱ्या माणसाकडे संशयानं पाहायचं, ही रीत मला अजून समजलेली नाही.

कोठीतली विजार उत्रोलीच्या गेनूला मात्र अंगावर बेतल्यासारखी बसली. गेनू भाताच्या खाचरातला माणूस. कोळसा त्यानं फक्त दात घासायला हातात धरला होता. पण विजार बसली, म्हणून तोही उमेदवार झाला. कामाला माणूस शोधत होते की विजारीला, कोण जाणे.

रायबानं नवी शिवून घ्यायचं ठरवलं. पण त्याची भट्टी पेटलेली होती आणि पेटलेली भट्टी सोडून जाता येत नाही. म्हणून माप घेऊन भामाबाई भोरला आली. कमरेचं माप तिनं सुतळीला गाठ मारून आणलं होतं. सुतळी तेवढीच होती. लांबीचं माप तोंडी होतं.

“घोट्यापातुर दोन हात चार बोटं,” ती म्हणाली.

“कुणाची इजार?” कोंडिबानं विचारलं.

“घरातली.”

“घरात कुणाची?”

“आता कुणाची आसंल, मामा? माझी हाय व्हय?”

“आगं, नाव सांग की. वहीत लिवायचं हाय.”

नवऱ्याचं नाव घेणं आलं. भामाबाईनं पदर सारखा केला आणि छपराकडं पाहिलं. आतून कोंडिबाची बायको ठकुबाई म्हणाली, “उखाण्यात घे गं! काजं करता करता आईकते.”

भामाबाईनं बराच वेळ प्रयत्न केला. कोळशाला यमक सुचेना.

“ल्हिवा, आमचं,” ती शेवटी म्हणाली.

कोंडिबानं लिहिलं: ‘हिर्डोशी. आमचे. दोन हात चार बोटं.’

“गडी उंच हाय का बुटका, ते तरी इचारा,” ठकुबाई म्हणाली.

“काय इचारायचं? मानूस शेवटी साडेतीन हातच आसतो,” कोंडिबा म्हणाला, आणि यात काही खोटं नव्हतं.

फक्त, प्रत्येक माणूस आपापल्या हातानं साडेतीन हात असतो. भामाबाईनं रायबाला रायबाच्याच हातानं मोजलं होतं. कोंडिबाला फळीशी उभं राहायला पायाखाली पाट लागे आणि हातही त्याला त्याच बेताचे मिळाले होते. त्यानं कोपर माझ्या काठाला टेकवलं, दोन हात मोजले, चार बोटं ठेवली आणि कात्री चालवली. मला तेव्हाच शंका आली होती, असं मी म्हणणार नाही. कापडाला शंका येत नाही.

शनिवारी मी हिर्डोशीला पोचले तेव्हा रायबाची भट्टी विझून तो घरी आला होता. कंबर सुतळीबरहुकूम बसली. पण माझा शेवट रायबाच्या नडगीवरच झाला. दारात गाव जमला.

“रायबा, वड्याला पानी किती हाय रं?” एकानं विचारलं.

“ह्या कापडाला काय म्हंत्यात?” म्हाताऱ्या सोनबानं चौकशी केली.

“जीन.”

“मंग बरुबर हाय. जीन घोड्याच्या पाठीवर आसतंय. खुरापातुर कंदी आलंय?”

सगळे हसले. रायबा हसला नाही. “शिंप्यानं कापड खाल्लं,” एवढंच म्हणाला. भामाबाईनं मला त्याच्या अंगावरून काढून घेतलं, घडी घातली आणि घडीवर हात ठेवून बसून राहिली. तो हात जड होता.

रविवारी पहाटे दोघं निघाली आणि दुपारनंतर भोरात पोचली. रायबा कोंडिबाच्या दारात वाकला तसा दुकानातला उजेड गेला. कोंडिबानं मान वर केली, अजून वर केली, आणि मग भामाबाईकडं पाहिलं.

“हे तुझं ‘आमचं’?”

तिनं मान हलवली.

“आगं, नुसतं रायबा म्हनली आसतीस तर म्या कापडाला कात्रीच लावली नसती, आक्खा तुकडा शिवला आसता!”

“तुमी म्हना. म्या कशी म्हनू?”

“कापड खाल्लंस,” रायबा म्हणाला.

“म्या खाल्लं? बघ तूच!” कोंडिबानं मला फळीवर पसरलं आणि मोजलं. “दोन हात. आन् ही चार बोटं.”

रायबानं मोजलं. “पावणेदोन.”

“परत मोज.”

“पावणेदोन.”

असं बरंच चाललं. दर खेपेला दोघंही बरोबर येत होते. शेवटी ठकुबाई बाहेर आली. तिनं दोघांची कोपरं फळीवर शेजारी शेजारी टेकवली आणि म्हणाली, “बघा आता डोळं उघडून.” रायबाची बोटं फळीबाहेर गेली होती. कोंडिबाची फळीवरच होती.

“हात दोघांचंबी खरं हायेत,” ती म्हणाली. “एकमेकांचं न्हाईत.”

निळं जीन संपलं होतं; माझ्यातून उरलेली पट्टी आधीच कुणाच्या तरी पिशवीला गेली होती. कंट्रोलमध्ये आलं तरी महिन्याभरानं आलं असतं, आणि सोमवार दुसऱ्या दिवशी होता. कोंडिबानं पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा दाखवला. पहिल्या निखाऱ्याला त्याची चाळण झाली असती.

भामाबाईनं डोक्यावरची घोंगडी काढून फळीवर टाकली.

“भट्टीवर हे हीच पांघरत्यात. लोकर धुमसती, पेटत न्हाई. हिचं लावा.”

“जिनाला घोंगडी?” कोंडिबा कळवळला. “लोकं माझ्या दुकानावरनं नाक धरून जात्याल!”

“काल हिर्डोशी दात काढून गेली,” भामाबाई म्हणाली. “त्यापरीस नाक बरं.”

कापायला कोंडिबाचा हात धजेना. ठकुबाईनं कापली. मशीनच्या दोन सुया मोडल्यावर दाभणानं हातशिलाई घातली. दिवेलागणीपर्यंत मी पुरी झाले. वर निळी, खाली वीतभर काळी. रायबाच्या घोट्यापर्यंत.

सोमवारी सातला मोटारीपाशी गेनू आपल्या नेटक्या विजारीत उभा होता. शेजारी मी. आनंदरावांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“हे काय? वर विजार आणि खाली मेंढरू?”

“घोट्यापातुर हाय, मालक,” रायबा म्हणाला.

अट तेवढीच होती. मालकांना नाइलाज झाला. “गेनू, तू पेटव आधी.”

गेनूनं पोतं उचललं आणि समोर आला तो कोळसा पिंपात ओतला. पंखा फिरवला. धूर निघाला, मग आणखी निघाला. आतले उतारू खोकायला लागले. एका आजोबांनी, पुणं आलं का, असं विचारलं. झाकण उघडलं तसा एक निखारा उडून गेनूच्या विजारीवर बसला आणि बोटभर भोक पाडून आत गेला. गेनू मोटारीभोवती एक फेरी धावून आला.

“रायबादादा,” तो धापा टाकत म्हणाला, “इजार मला बसती, पर म्या हितं बसत न्हाई.” आणि तो बाजूला झाला. नोकरीच्या उमेदवारानं इतकं सरळ बोललेलं मी नंतर ऐकलं नाही.

रायबानं पिंप उपसलं. तुकडा तुकडा वाजवून कच्चा कोळसा बाहेर फेकला, पक्का आत रचला आणि पेटवला. तीन निखारे माझ्या काळ्या वीतभरावर पडले. लोकर जळल्याचा वास आला आणि निखारे विझले. मोटार धडधडली. आनंदराव पुढच्या बाकावर जाऊन बसले आणि रायबाला म्हणाले, “चढ.”

त्या संध्याकाळी मोटार भोरला परत आली तेव्हा भामाबाई थांब्यावर भाकरी बांधून बसली होती. माझ्या खालच्या काठावरची राख तिनं झटकली, तिथेच, सगळ्यांदेखत.

तीन वर्षं मी पिंपापाशी काढली. माझं निळं गेलं, गुडघ्यांना ठिगळं आली. फाटले नाही. मग लढाई संपली, पेट्रोल आलं, पिंप उतरवलं. रायबाला आनंदरावांनी मोटारीवरच ठेवून घेतलं, पण फडक्यासारखा दिसतोस, नवी विजार घे, असं बजावलं.

आज भामाबाई मला घेऊन कोंडिबाकडं आली आहे. आता घालायला नाही, मापाला. कोंडिबा वही उघडून विचारतो, “कुणाची?” आणि भामाबाई माझ्याकडं बोट दाखवते. तो ‘आमचे’ असं लिहितो. एवढी वर्षं होऊनही उखाणा जुळलेला नाही.

फळीवर नवं निळं कापड पसरलं आहे आणि त्यावर मला ठेवलं आहे. कोंडिबा पाटावर चढला आहे. कात्री हातात आहे आणि त्याची नजर माझ्या निळ्या काठाशी, काळं जिथं सुरू होतं तिथं, थांबली आहे.

कोंडिबामामा, एवढंच सांगते. काळ्यासकट मोजा.