गोळीवाला

शैला मॅडमना सूड उगवायचा होता, आणि शाळेनेच त्यासाठी दर शनिवारचा एक तास काढून दिला. दापोडीच्या त्या शाळेत नववीला जीवनकौशल्यांचा तास सुरू झाला. नशा आणि मारामारीपासून लांब कसं राहायचं, नाही कसं म्हणायचं, हे नाटुकल्यांतून शिकवायचं. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना त्यांना ओंकार दिसला. नवनाथचा धाकटा भाऊ.

नवनाथ चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून पोरांना गोळ्या पुरवायचा. मॅडमचा मुलगा अवधूत तिथे शिकाऊ म्हणून लागला आणि वर्षभरात तळेगावच्या व्यसनमुक्ती केंद्रात पोचला. आता तो आईकडे बघतसुद्धा नाही. पोलिसांना पुरावा मिळाला नाही, नवनाथ उजळ माथ्याने फिरतोय. असल्या माणसाला माफ करा म्हणणाऱ्यांचं स्वतःचं पोर हातचं गेलेलं नसतं.

नाटुकल्यात एकजण गोळी देणारा, बाकीचे नकार देणारे. भूमिका दर वेळी बदलायच्या, असा नियम. मॅडम सगळ्यांच्या बदलायच्या, गोळीवाला मात्र कायम ओंकार.

"अजून गोड बोल," त्या म्हणायच्या. "जमेल तुला, घरातच क्लास आहे तुझा."

वर्ग खिदळायचा. ओंकारचे कान लाल व्हायचे, आणि त्या दिवशी मॅडमना दोन घास जास्त जायचे.

एकदा तास संपल्यावर तो टेबलापाशी आला. "मॅडम, मला बी एकदा नाही म्हणू द्या की."

"ज्याचं काम त्यानं करावं," म्हणून मॅडमनी खडू पेटीत टाकला.

दिवाळीनंतर पोलिसांनी ओंकारला स्टेशनजवळ पकडलं. दप्तरात गोळ्या सापडल्या; अल्पवयीन म्हणून रात्री आईच्या ताब्यात दिलं. ऐकून मॅडमना पेढे वाटावेसे वाटले. मी रडले तशी आता नवनाथची आई रडेल! दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मायलेकांना बोलावलं, तेव्हा त्या मुद्दाम पुढची खुर्ची धरून बसल्या.

"वर्गातली सगळी मुलं नाही म्हणायला शिकली," मुख्याध्यापक कडाडले. "तूच कसा रे शिकला नाहीस?"

ओंकारने मॅडमकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"दादानं पुडी दिली, म्हणला टेशनवर पोचव. नाही म्हणायचं लई मनात होतं, सर. पण मला त्याच्याच बाजूचं बोलणं येतंय. नाही म्हणणाऱ्याचं काम मी कधी केलंच न्हाई."

मुख्याध्यापकांना काही उमगलं नाही. त्याची आई, सुभद्राबाई, मॅडमच्या पायाशी वाकली. "बाई, तुमी तरी सांगा ह्यांना. तुमच्या हाताखाली शिकलंय पोरगं, वाईट न्हाई ओ."

मॅडमनी पाय झटक्याने मागे ओढले. नवनाथला हे पोर तयार करून कुणी दिलं, ते त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक वाकून आईला उठवत होता.