बंद दारावरच्या माझ्या खेपा

"काका, सकाळी एकदा चार्ज केलात की रात्रीपर्यंत बघायला नको."

दुकानातल्या विक्रेत्या ताईंचा हा आवाज अजून माझ्या कानांत आहे. मित्रांनो, मी एक जुना फोन आहे, आणि ताई खोटं बोलल्या नव्हत्या. खोटं बोलायचे ते माझे मालक.

मालक छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घ्यायचे आणि घरी तेच काम फुकट करायचे. पडदा तिरका, चहा पांचट, बायकोची बेरीज चुकलेली. स्वतःकडे बघायची वेळ आली की मात्र यांचा चष्मा हरवायचा.

नव्याची नवलाई होती तेव्हा मला मऊ फडक्याने पुसायचे, उशाशी घेऊन निजायचे. मग छापखाना सुटला. "मीच लाथ मारली. त्यांना भाषेची चाड नाही," हे बायकोला सांगून झालं, शेजाऱ्यांना सांगून झालं, दूधवाल्यालाही सोडलं नाही. छापखान्याचं मेलचं खातं मात्र माझ्यातून काढलं नाही. उलट 'नवी मेल सतत तपासा' असं सेटिंग करून ठेवलं.

ते खातं तिकडे केव्हाच बंद झालं होतं. मी धावत जायचो, कडी वाजवायचो, तसाच परत यायचो. पुन्हा जायचो, पुन्हा वाजवायचो. खिशात निजलेला दिसायचो, पण पायाला उसंत नव्हती. 'जोडणी होत नाही' असं मी अधूनमधून लिहून दाखवायचो. दुसऱ्यांचं अक्षरन् अक्षर तपासणारा हा पंडित माझी ती ओळ न वाचताच बोटाने सारून द्यायचा. दुपारपर्यंत माझं अंग तापायचं, बॅटरी तळ गाठायची. मग मला टेबलावर आपटून म्हणायचे, "भिकार माल."

एकदा काकूंना, म्हणजे मालकांच्या बायकोला, डोळे तपासायला जायचं होतं. डोळ्यांत औषध घातलं की काही तास धूसर दिसतं, म्हणून ठरलं होतं की त्या फोन करतील आणि हे आणायला जातील. हे वाचनालयात पेपरांतल्या चुका शोधत बसले. मी खिशात धावून धावून विझलो. काकू फोन लावत राहिल्या. शेवटी दवाखान्यातल्या मावशींनी त्यांना हाताला धरून घरी आणलं. दारात यांनी काय म्हणावं? "या डबड्याने दगा दिला."

दुसऱ्या दिवशी नीट दिसायला लागल्यावर काकूंनी मला हातात घेतलं आणि बॅटरी कशात जाते ते उघडून पाहिलं. सगळ्यात वर मेल.

मित्रांनो, मला तुमची दया नको. न लागणारी खाती काढून टाका, बाकीची उघडली की तपासली जातील असं ठेवा. आणि ज्याला तुम्हीच दिवसभर पळवलंत, त्याला निदान भिकार म्हणू नका.

"अहो, छापखान्याचं खातं अजून कशाला?" काकूंनी विचारलं. "सोडलंत ना तुम्ही?"

"असू दे. कधी काही लागलं तर."

"काल दवाखान्यात मी भिंत चाचपत होते," काकू म्हणाल्या. त्यांचं बोट 'खातं काढा'वर टेकायला आलं होतं. "काढू?"

मालकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही, काकूंकडेही नाही.

"मी सोडलं नव्हतं गं. त्यांनी काढलं मला. वाटायचं, माझ्यावाचून चुका राहतील, मग बोलावतील परत."