मेलेल्या इंजिनाचा जिवंत काटा

आधीच सांगून ठेवतो, हे कोणी खरं मानणार नाही. तिकीट खिडकीवरची ही मालीवान तर मी नुसता खोकलो तरी 'खोटं!' म्हणते. आत्ताही समोर शेवयांचा वाडगा घेऊन बसली आहे. एक डोळा वाडग्यावर, दुसरा माझ्या जिभेवर. बसू दे. थायलंडातल्या चोनबुरीच्या डोंगराआडच्या या मोटार-शर्यतीच्या ट्रॅकवर मी छत्तीस वर्षं झेंडे हलवतोय. गाडी कुठल्या वळणावर घसरते आणि गोष्ट कुठल्या वळणावर घसरते, दोन्ही मला कळतं.

तर त्या शनिवारी सकाळी पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात तिथे, मुंगीला शिरायला जागा नव्हती. गाड्या राहिल्या बाजूला, माणसंच एकमेकांना ओव्हरटेक करत होती. मधोमध चौरंग. चौरंगावर झेंडूचे हार, उकडलेली अंडी, लाल सरबताच्या बाटल्या, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये सोन्याच्या वर्खाने मढवलेला, मंत्राक्षरं कोरलेला एक चेंबर. चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचं तेलाचं भांडं. एरवी त्याला कोणी फडक्याने पुसतसुद्धा नाही. त्या दिवशी त्याच्यापुढे उदबत्त्या जळत होत्या.

चौरंगामागे आचार्य फूनसाप. पांढरा सदरा, पांढरी विजार, पांढरे बूट; दात तेवढे सोन्याचे.

"भक्तांनो!" आचार्य गरजले. "हा चेंबर नाही! हे इंजिनाचं गर्भगृह आहे! नऊ धातू, नऊ भिक्षू, नऊ रात्री मंत्र! यातलं तेल वळणावर हलत नाही. का हलत नाही? कारण त्याला हलायची परवानगीच नाही!"

"साधू! साधू!" म्हणजे 'धन्य! धन्य!' म्हणत गर्दीने हात जोडले.

आता तेल न हलण्याचं एवढं कौतुक का, तर आमच्या ट्रॅकवर एक उजवं वळण आहे. नाव 'सासूबाई'. का, तर ते संपतच नाही. गाडी जोरात त्यात शिरली की चेंबरमधलं सगळं तेल डाव्या भिंतीवर चढून बसतं. शोषनळी तळाशी बोंबलत राहते, तेलाऐवजी हवा ओढते, आणि दोन श्वासांत बेअरिंगची भुकटी. अशा गाड्या मी हाताने ढकलून आणल्यात, खूप.

आचार्यांनी मात्र गेल्याच आठवड्यात थानाकॉर्नच्या निळ्या गाडीला असा चेंबर बसवून दाखवला होता. थानाकॉर्न म्हणजे सिमेंटवाला. गाडी हलकी, बोलणं जड. पाच फेऱ्या मारल्या, तशा बेतानेच; पाचही वेळा सासूबाईंच्या घरून सुखरूप परत. आणि तेलाच्या दाबाचा काटा? चारवर. शिरताना चार, निघताना चार, उभ्या गाडीत चार. लोकांनी फोटो काढले, आणि चार आकडा असलेली लॉटरीची तिकिटं ट्रॅकवर संपली.

"हे मात्र खरं," मालीवान म्हणाली. "मीच घेतलं होतं. लागलं सात."

बघा. साक्षीदार मिळाला.

तर त्या शनिवारी सोन्याचा चेंबर विकत घ्यायला चौरंगापुढे रांग लागली होती, आणि त्या रांगेत सातव्या नंबरवर उभी होती डॉक्टर सिरिकान्या. सरकारी इस्पितळात भूल देते. आठवडाभर माणसांना झोपवायचं आणि शनिवारी आपल्या पिवळ्या दोन सीटच्या गाडीला जागं करायचं, हा तिचा नेम. दोन इंजिनं तिने सासूबाईंच्या पायाशी वाहिली होती. दुसरं फुटलं तेव्हा आईला शब्द देऊन बसली, तिसरं गेलं तर गाडी विकेन. आई तयारीची. तिने गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं: रायोंगचा डुरियानचा व्यापारी. दुकानापुढे गाडी उभी करून तिच्यात काटेरी फळं रचणार होता. ड्रायव्हरच्या सीटवर सगळ्यात मोठं.

सिरिकान्याला रात्री त्या डुरियानची स्वप्नं पडत.

उद्या शर्यत, आज चेंबर निवडायचा. दुकानातला चकचकीत एक पाहिला. खोल, भरपूर तेल मावणारा. पण तो गाडीच्या पोटाखाली इतका लोंबे, की ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर पहिल्याच फेरीत फाटला असता. दुसरा को हेंगने स्वतः घडवलेला. हेंग आमचा जुना मेकॅनिक; सगळे त्याला 'को', म्हणजे दादा, म्हणतात. त्याचा चेंबर खोल नाही, रुंद. आणि दिसायला, काय सांगू, वेल्डिंगचे असे फोड, की जणू त्याला गोवर आलाय. तिसरा हा सोन्याचा. काटा तर तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. अडाणी माणूस भीतीने फसतो, शिकलेला घाईने.

"डॉक्टरीणबाई, तुम्हीपण?" को हेंगने विचारलं.

ती लाजली. "को, काटा हलला नाही हो. पाच फेऱ्यांत एकदासुद्धा नाही."

"तेच तर मला खटकतंय," को हेंग म्हणाला, आणि तिला शेवयांच्या गाडीपाशी घेऊन गेला. "मावशी, झाकण काढा."

सामरुआयमावशीने पातेल्याचं झाकण काढलं. आत पत्र्याचे तीन कप्पे. एकात सूप, दुसऱ्यात उकळतं पाणी, तिसऱ्यात हाडांचा रस्सा.

"या खड्ड्यांतून रोज गाडी हाकता, सांडतं का?"

"कप्प्यांमुळे नाही सांडत. नाहीतर गिऱ्हाइकांच्या आधी रस्त्याला जेवू घातलं असतं."

"हे घ्या." को हेंगने आपला गोवरवाला चेंबर उलटा करून दाखवला. शोषनळीभोवती कप्पे, कप्प्यांना बिजागरीच्या इवल्या झडपा. त्याने बोट लावलं; झडप आत उघडली, बाहेर उघडेना. "तेल आत येऊ शकतं, पळून जाऊ शकत नाही. मंत्र नाही, पत्रा आहे. दिसायला माझ्यासारखाच, पण घर सांभाळतो."

सिरिकान्या हसली. पण रांगेतला नंबर सोडवेना. तेवढ्यात ट्रॅककडून आवाज आला.

टक. टक. टकटकटक. खडाड!

थानाकॉर्न आज दहा फेऱ्यांची पैज मारून सुसाट निघाला होता. सहाव्या फेरीला सासूबाईंनी जावयाला ओळखलं. निळी गाडी धुराचा शेपटा ओढत, घरंगळत पिटमध्ये आली. खालून तेलाची धार, वरून वाफ. थानाकॉर्न मात्र आत बसून ओरडतोय, "काही झालं नाही! कोणी घाबरू नका! काटा बघा, चारवर आहे!"

गर्दी खिडकीवर कोसळली. खरंच, इंजिन ठार बंद, किल्ली तेवढी चालू, आणि काटा ताठ चारवर.

आचार्यांनी संधी सोडली नाही. "पाहिलंत? देह गेला, पण प्राण चारवर आहे!"

सगळी गर्दी गुडघ्यांवर. एक जण पुन्हा लॉटरीवाल्याकडे पळाला. मी हातातला झेंडा खाली ठेवून नमस्कार केला. खोटं कशाला बोलू?

उभी राहिली ती एकटी सिरिकान्या. तिच्या डोक्यात काहीतरी टुण्णकन वाजलं, शस्त्रक्रियेच्या खोलीत वाजतं तसं.

"इंजिन बंद आहे?" तिने विचारलं.

"बंद, बाई," थानाकॉर्न रडवेला.

"तेलाचा पंप इंजिनावरच चालतो ना? मग तोही थांबलाय. तर मग तेलाला दाब देतंय कोण?"

"श्रद्धा!" आचार्य म्हणाले.

"आचार्य, रुग्णाच्या बोटावरचा ठोके मोजणारा चिमटा निसटून फरशीवर पडला आणि तरीही पडद्यावर ठोके चालू राहिले, तर आम्ही त्या रुग्णाला अमर म्हणत नाही. यंत्र दुरुस्तीला पाठवतो."

कोणीतरी खुदकन हसलं. हसू हे फार वाईट. एकदा सुटलं की गर्दीत पसरतं.

आचार्यांनी चेंबरपासून मीटरपर्यंत एक पवित्र पांढरं सूत गुंडाळत नेलं होतं. सिरिकान्याने तिकडे हात नेला.

"सुताला हात लावू नका! पाप लागेल! गाडीखाली शिराल तर सात जन्म—"

"ओ पांढरे बूट!" मावशी झारा घेऊन पुढे झाली. "पवित्र वस्तूकडे आम्ही पायसुद्धा करत नाही, आणि तुम्ही मंत्र कोरून गाडीच्या बुडाला लावता? माणसांच्या पायाखाली? तेव्हा कुठे गेलं होतं तुमचं पाप?"

हा प्रश्न इतका आमच्या घरचा होता, की प्रत्येकाला वाटलं, अरे, हा मला का सुचला नाही! याच पापाच्या धाकाने आठवडाभर एकाही मेकॅनिकने त्या गाडीखाली डोकं घातलं नव्हतं.

सिरिकान्याने चेंबरला रीतसर हात जोडले आणि सरळ गाडीखाली शिरली. बाहेर फक्त पाय. थोड्या वेळाने आवाज आला, "को, टॉर्च."

दाब मोजणाऱ्या सेन्सरची वायर काढून टाकलेली होती. सूत सोलल्यावर आत निघाली ती. तिचं टोक मेणाच्या गोळ्यात, आणि मेण खरवडलं तेव्हा त्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर, म्हणजे वीज ठरावीक अडवणारा तुकडा. कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे मूठभर मिळतात. मीटरला वाटत होतं समोर तेल आहे. समोर होता तो दाणा. को हेंगने वायर परत सेन्सरला लावली.

काटा धपकन शून्यावर पडला. बापरे, काय तो पडला! मला वाटलं आवाज आला.

मग गरम चेंबर उतरवला. आत ना कप्पे, ना झडपा. को हेंगने नखाने वर्ख खरवडला. खाली एक पोचा दिसला. थानाकॉर्न वाकून बघत राहिला.

"हा पोचा... हा मी मागच्या वर्षी दगडावर आपटला तेव्हाचा," तो म्हणाला. "अहो, हा माझाच जुना चेंबर! 'विधिपूर्वक विसर्जन करतो' म्हणून घेऊन गेला होता!"

आचार्य पळाले. पण पांढरे बूट बरोबर थानाकॉर्नच्या सांडलेल्या तेलात पडले, आणि आचार्य बसल्या बसल्या थेट मावशीच्या गाडीपर्यंत आले. त्या तेलाला हलायची परवानगी होती.

पोलीस येईपर्यंत मावशीने त्यांना पाटावर बसवून ठेवलं. गर्दीला आता राग आला होता. सिरिकान्या तोंडाला ग्रीस लागलेल्या अवतारात उभी राहिली.

"मी काय वेगळी? माझाही सातवा नंबर होता," ती म्हणाली. "हार घाला, हात जोडा, मीही जोडते. पण काटा काय दाखवतो ते बघण्याआधी तो कशाला जोडलाय ते बघा. जिवंत इंजिनाचा काटा वेगात चढतो, थांबलं की उतरतो, घाबरला की पडतो. जो कधीच पडत नाही तो तुम्हाला राखत नाही, झोपवतो. आणि झोपवायचं काम माझं आहे. मी निदान उठवते तरी."

संध्याकाळी तिने को हेंगचा गोवरवाला चेंबर बसवला. को हेंगने नवं गॅस्केट घातलं, शोषनळी आणि तळ यांतलं अंतर मातीचा गोळा दाबून दोनदा तपासलं, सेन्सरची वायर तिच्यासमोर लावली. रविवारी फाटकाशी आई उभी. शेजारी डुरियानवाला, टोपलीसकट. ड्रायव्हरच्या सीटचं माप घ्यायला टेपसुद्धा आणला होता.

आणि काय सांगू! चाळीस फेऱ्या! चाळीस वेळा सासूबाईंच्या दारावरून पिवळी गाडी अशी गेली, की सासूबाईंनी पदर सावरला. इंजिन मांजरासारखं घुरघुरतंय, डुरियानवाला टोपली उचलून निघाला, आई रुमालाने डोळे पुसतेय की हसू लपवतेय कळेना. आणि काटा? अहो, तो काटा चाळीस फेऱ्यांत चारवरून केसभरसुद्धा हलला ना—

मालीवानने वाडगा खाली ठेवला.

"थांबा काका! हललाच नाही? मग तोही खोटा!"