मागे पडणारा ठेका

आमच्या बँडला नाव होतं, पण ते चारचौघांत घेण्यासारखं नव्हतं, म्हणून इथंही घेत नाही. आम्ही वाजवायचो त्याला पोस्ट-हार्डकोर म्हणतात. म्हणजे अर्धं गाणं नरड्याच्या शिरा ताणून किंचाळायचं आणि उरलेलं अर्धं, शेजाऱ्यांची माफी मागितल्यासारखं, हळू म्हणायचं. किंचाळायचं काम माझ्याकडे. दिवसभर पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात फोनवर 'तुमची तक्रार नोंदवली आहे' असं गोड आवाजात सांगणाऱ्या बाईला संध्याकाळी दुसरं काय सुचणार?

ड्रम्सवर माझा धाकटा भाऊ. त्याला सगळे ठोक्या म्हणत. तो सोफ्यांना कापड चढवायच्या कारखान्यात कामाला होता. बेस वाजवायचा त्याच्या बायकोचा भाऊ, म्हणून तो साऱ्या जगाचा मेहुणा. गिटारवर मास्तर, शाळेत गणित शिकवणारे. बंद पडलेल्या छापखान्याच्या तळघरात आमचा सराव चाले आणि कार्यक्रमही अशाच तळघरांत. समोर मूठभर माणसं, त्यातली निम्मी दुसऱ्या बँडांमधली. दोन रेकॉर्ड काढल्या. घरच्यांनी त्यातली एकही पूर्ण ऐकली नाही.

तिसऱ्या रेकॉर्डच्या वेळी ठोक्या मागे पडायला लागला. संथ जागा आली की त्याचा ठोका किंचित उशिरा पडायचा. आम्हा शहाण्यांना वाटलं, काय डोकं लावलंय गड्यानं. ऐकणारेही खूश. पायाखालची जमीन खचतेय असं वाटतं, असं कुणीतरी लिहिलं. मास्तरांनी तर त्या उशिरावर बेतून नवी गाणी रचली, आणि त्याच गाण्यांच्या जोरावर आम्हाला पहिल्यांदा दौरा मिळाला. अख्खा हिवाळा, गावोगाव, एका मोठ्या बँडच्या आधी वाजवायचं होतं.

दौऱ्याच्या सरावात एका दुपारी फ्यूज उडाला. गिटार, बेस, माझा माईक, सगळं एका दमात गप्प झालं. ठोक्या डोळे मिटून वाजवतच राहिला. आम्ही हाताची घडी घालून उभे. मास्तर जिथं एकटे वाजवायचे तिथं तो थांबला, त्यांच्यासाठी बरोबर तेवढी जागा सोडली, मान डोलावली आणि पुन्हा सुरू झाला.

"भावजी, पुरे की आता नाटकं," मेहुणा हसत म्हणाला.

तो नाटक करत नव्हता. आम्ही गप्प झालोय हे त्याला कळलंच नव्हतं.

मी त्याला जिन्यात गाठलं. "कधीपासून?"

त्यानं आधी माझ्या ओठांकडे पाहिलं. मग म्हणाला, "झालं असेल वर्ष. ताई, कुणाला बोलू नकोस. डॉक्टर म्हणतात, मोठा आवाज बंद केला तर उरलंय ते टिकेल, कदाचित. त्या कदाचितसाठी मी हे सगळं सोडू?"

"बायकोला सांगितलंस?"

"तिला सातवा महिना आहे. काय सांगू तिला?"

"सातवा आहे म्हणूनच विचारतेय. पोराचं रडणं तुला कोण ऐकवणार, मेहुणा?"

"दौरा होऊ दे. मग थांबतो."

मी त्याला लहानपणापासून ओळखते. दौरा झाला की तो 'चौथी रेकॉर्ड होऊ दे' म्हणाला असता.

पुढच्या सरावाला मी सांगून टाकलं की मला आता किंचाळवत नाही, मी सोडतेय. गाणारीच गेली म्हटल्यावर बँड संपल्यात जमा होता. मेहुण्यानं मला नाही नाही ते सुनावलं. मास्तर नुसत्या वायरी गुंडाळत राहिले, ते जास्त लागलं. खरं कारण ठोक्यानं सांगितलं नाही आणि मीही नाही. निघताना तो एवढंच म्हणाला, "माझ्या हातातलं तू काढून घेतलंस." मला रडू येत होतं आणि तरी मी मागे फिरणार नव्हते.

त्याला मुलगी झाली. मी बघायला गेले तेव्हा तो खोलीतून उठून गेला. त्याच्या बातम्या मला भावजयीकडून कळत. कान शेवटी टिकले नाहीतच. पोर तीन वर्षांची झाली आणि उरलंसुरलंही गेलं. ते कळलं त्या दिवशी मी कार्यालयात नुसते फोन उचलत राहिले. एवढं सगळं मोडलं ते फुकटच मोडलं, हा विचार मग महिनोन्‌महिने डोक्यातून जाईना.

त्यानंतर बऱ्याच काळानं त्यानंच निरोप धाडला, घरी ये म्हणून. मी गेले तर मेहुणा भाचीला खांद्यावर उलटी टांगून घरभर फिरवत होता आणि ती खिदळत होती. ठोक्या त्यांच्याकडे पाठ करून जेवणाच्या टेबलाशी बसला होता. मी समोर बसले.

"बघ," तो म्हणाला आणि त्यानं टेबलावर दोन बोटांनी वाजवलं. आधी तीन झटपट, मग थोडं थांबून एक, मग बारीक बारीक पुष्कळ.

"काय आहे हे?" मी ओठ नीट हलवत विचारलं.

"तिचं हसणं. कान गेले त्याआधी पाठ करून ठेवलं." त्यानं बोटं तशीच टेबलावर ठेवली. "तू सोडलं नसतंस तर हे मिळालं नसतं. तेव्हा कळलं नाही मला."

त्यानं पुन्हा तेच वाजवलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"अजून असंच हसते ना? घरात विचारलं की सगळे हो म्हणतात. तू माझं मन राखायला बोलत नाहीस. सांग."

त्याच्या पाठीमागे पोर हसत होती. मी कान देऊन ऐकलं. हसणं बदललं होतं. सुरुवातीचे तीन ठोके एकमेकांत मिसळले होते, आणि शेवटी श्वास आत ओढताना उचकीसारखा एक नवाच आवाज येत होता. मी मान हलवून नाही म्हटलं.

त्याचा चेहरा पडला. मग त्यानं तळहात उताणा करून माझ्यापुढे सरकवला.

"मग नवं दे."

मी त्याच्या तळहातावर बोटांनी वाजवलं. इतकी वर्षं बँडमध्ये काढून मला साधा ठेका धरता येत नाही. "घाई करतेस," तो म्हणाला. मेहुण्यानं पोरीला आणखी एक गिरकी दिली आणि ती पुन्हा हसली. या वेळी मी तिच्याबरोबर वाजवत गेले, आणि तिच्याकडे पाठ असूनही, ती हसत होती तेव्हाच माझा भाऊ हसला.