वहिनींचा गुडघा

"दोन मीटर चाळीस. लिहिलंत?"

"लिहिलं."

"आणि वहिनींचा गुडघा काय म्हणतोय?"

भाऊसाहेबांचं पेन थबकलं. मत्स्य व किनारा मंत्रालयातली ही खोली समुद्रापासून दिवसभराच्या वाटेवर. रोज दुपारी बाराच्या ठोक्याला दीपगृहाचा राखणदार फोन करी, पाण्याची उंची सांगे आणि भाऊसाहेब ती वहीत टिपून घेत. अकरा वर्षं हेच चाललेलं. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

वहिनी, म्हणजे भाऊसाहेबांची बायको, जाऊन चार वर्षं झाली होती. रजेवरून परतले त्या दिवशी राखणदाराने नेहमीसारखं विचारलं आणि भाऊसाहेबांच्या तोंडून "बरा आहे" निसटून गेलं. निसटलेला शब्द का कधी मागे फिरतो? मग तो गुडघा सुधारतच गेला. तेल लागू पडलं, काठी सुटली, बाई जिनाही चढू लागली! देवाने जिला नेलं, तिची सबंध जगात विचारपूस करणारं एवढं एकच माणूस उरलं होतं. ते दार भाऊसाहेब कोणत्या हाताने लावणार?

उद्यापासून मात्र आकडे यंत्र पाठवणार होतं. आजचा फोन शेवटचा.

"बोला की! साहेब डोक्यावर उभे आहेत का?"

"दादा, ती गेली हो. चार वर्षं झाली. मी तुमच्याशी खोटं बोलत आलो."



"ठाऊक आहे मला," राखणदार म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"इथं सांगायला कोण बसलंय, बगळे? अहो, पूर्वी आकडा लिहिला की तुम्ही फोन आपटायचात. 'ठेवतो, डबा गार झाला तर ही रागावेल.' या चार वर्षांत तुमचा डबा एकदाही गार झाला नाही, भाऊसाहेब."

भाऊसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मग रोज विचारत का होतात?"

"मी नाही विचारायचं, तर कोणी विचारायचं?"

 आकडा केव्हाच लिहून झाला होता. तरी बराच वेळ दोघांपैकी कोणीच आधी फोन ठेवेना.