वीस पायऱ्या

"घट्ट धरा ताई," म्हणत पुंजा मिस्त्रीने टेपचे टोक रोशनीच्या हाती दिले आणि तो भिंतीच्या कडेने मागे सरकत गेला. फरशीपासून वरच्या मजल्यापर्यंतची उंची त्याने आधीच मोजली होती, दहा फूट. घराच्या आतून वर नवा जिना काढला तर खाली किती जागा जाईल, ते आता बघायचे होते.

सातपूरच्या या घरावर सुनीलने दोन वर्षांपूर्वी दोन खोल्या चढवल्या, तेव्हा बाहेरून लोखंडी जिना लावला होता. अरुंद आणि उभा. गृहप्रवेशाच्या दिवशी त्याच्या आईला, चंद्रभागाबाईंना, दोघांनी दंडाला धरून चढवायला घेतले. पाचव्या पायरीवर गुडघा अडला. अंगणातले पाहुणे माना वर करून बघत होते. बाई तिथूनच परत फिरल्या. मुलगा आणि सून रोशनी वर राहायला गेले, त्या खालीच राहिल्या. नंतर कुणी 'वर चला' म्हटले की त्यांना काहीतरी काम निघायचे.

"सात इंच उंचीची पायरी धरली तर सतरा बसतील," मिस्त्री म्हणाला. "कपाटापाशी आटपतं."

"आणि सहा इंची?" रोशनीने विचारले.

"मग वीस. जिना अडीच फूट पुढं येईल. मावशींची कॉट हलवावी लागंल."

चंद्रभागाबाई कॉटवर बसून मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सातच ठेवा. मला कुठं वर जायचंय?"

नुकताच पहिल्या पाळीहून आलेला सुनील दोघींकडे बघू लागला. "आईच म्हणतेय तर..."

"सहाच," रोशनी म्हणाली.

"अगं, उगाच अंदाजानं कशाला जागा घालवायची?"

"अंदाज नाही. गेल्या पौर्णिमेला विहाराच्या पायऱ्या मोजल्या मी. सहा इंच भरल्या. तिथं आई कठड्याला हातसुद्धा लावत नाहीत."

बाईंच्या हातातली काडी तशीच राहिली.

"कशानं मोजल्यास?"

"पर्समध्ये शाळेची पट्टी होती."

"सगळ्यांसमोर?"

"वंदना सुरू होती. मी मागे थांबले."

बाईंनी निवडलेली पाने ताटात सारली, गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या.

"मिस्त्री, कॉट त्या खिडकीखाली बसेल का बघा."

मिस्त्रीने टेप लावला. "बसती की. चार बोटं उरतात."

"मग करा खुणा."

खडूच्या रेघा भिंतीवर तिरक्या चढत गेल्या. बाई चहा ठेवायला आत गेल्या आणि दोनदा बाहेर येऊन बघून गेल्या. कप हातात आल्यावर सुनीलने मोबाइल पुढे केला.

"आई, वरच्या गॅलरीतून त्रिरश्मी लेण्यांचा डोंगर दिसतो. हा बघ फोटो."

त्यांनी पालथ्या हाताने मोबाइल बाजूला सारला.

"ठेव तो," त्या म्हणाल्या. "मी वरूनच बघीन."